नको ती नावं खोडा: पोलंडची 1989 ची मतपत्रिका

4 जून 1989 रोजी पोलंडमधल्या मतदाराच्या हातात चार ते सात मतपत्रिका पडत होत्या. संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे सेयममध्ये, प्रत्येक मतदारसंघातून दोन ते पाच जण जायचे आणि प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी असायची. शिवाय सेनेटची एक आणि 'राष्ट्रीय यादी'ची एक. आपल्याला हव्या त्या नावापुढे शिक्का मारायची किंवा बटण दाबायची सवय. तिथे नेमकं उलटं. नको असलेली नावं पेनाने खोडायची, जे उरेल ते आपलं मत. जागेच्या मतपत्रिकेवर दोन नावं तशीच राहिली तर मत बाद. सगळीच खोडली तर मात्र मत वैध, आणि ते सगळ्यांच्या विरोधात मोजलं जायचं.

ही पद्धत कम्युनिस्ट काळातली. तेव्हा कागद न खोडता पेटीत टाकला की अधिकृत उमेदवारांना मत मिळायचं. पडद्याआड जाऊन पेन काढणं म्हणजे स्वतःकडे लक्ष ओढवून घेणं. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की नव्या निवडणुकीतही त्यांनी ती ठेवली. माझ्या मते त्यांची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

या निवडणुकीचा सौदा ठरला होता वॉर्सातल्या गोलमेज चर्चेत, 6 फेब्रुवारी ते 5 एप्रिल, सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना यांच्यात. सेयमच्या 460 पैकी 299 जागा, म्हणजे 65 टक्के, सत्ताधारी आघाडीला राखीव. उरलेल्या 161 खुल्या. 100 जागांचं नवं सेनेट पूर्ण खुलं: 49 प्रांतांना दोन-दोन, फक्त वॉर्सा आणि कातोवित्सेला तीन-तीन. सॉलिडॅरिटीने प्रत्येक खुल्या जागेला एकच उमेदवार दिला आणि जवळजवळ प्रत्येकाचा आपले नेते लेक वालेसा यांच्याबरोबर फोटो काढून पोस्टर लावलं. मतदारांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या: हे नाव ठेवा, बाकी सगळी खोडा. नावं अनोळखी, कागद अनेक आणि मत बाद व्हायची भीती, अशा वेळी त्या चिठ्ठीचा केवढा आधार असेल!

राष्ट्रीय यादी हा राखीव जागांचाच भाग होता. सत्तेतली 35 बडी नावं, समोर कुणीही नाही. निवडून यायला अट एकच: निम्म्याहून जास्त मतदारांनी नाव न खोडता ठेवायला हवं. पंतप्रधान राकोव्स्की आणि गृहमंत्री किश्चाक याच यादीत होते. लोकांनी काय केलं? अनेकांनी एकेक नाव खोडण्याचे कष्टही घेतले नाहीत, पानभर मोठी फुली मारली. 35 पैकी दोघेच वाचले, कोझाकेविच आणि झेलिन्स्की. दोघांची नावं रकान्याच्या तळाशी होती आणि फुलीची टोकं तिथवर पोचली नाहीत, असं कारण सांगितलं जातं.

पहिल्या फेरीत सॉलिडॅरिटीने सेयमच्या 161 पैकी 160 आणि सेनेटच्या 92 जागा जिंकल्या. 299 राखीव जागांपैकी भरल्या फक्त पाच. आणि कायद्यात एक भगदाड निघालं: राष्ट्रीय यादीच्या रिकाम्या 33 जागा कशा भरायच्या याची तरतूदच नव्हती. उमेदवार हरू शकतो हे मसुदा करणाऱ्यांच्या मनातच आलं नसावं. 12 जूनला, दोन फेऱ्यांच्या मध्ये, नियम बदलून त्या जागा मतदारसंघांकडे वळवल्या गेल्या. सॉलिडॅरिटीने ते मान्य केलं, यावर आजही टीका होते. ऐन निवडणुकीत नियम बदलणं चूकच. पण 4 जूनलाच बीजिंगमध्ये रणगाडे लोकांवर चालून गेले होते. करार मोडला असता तर पुढे काय, हा प्रश्न तेव्हा कागदावरचा नव्हता. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. 18 जूनच्या दुसऱ्या फेरीला जेमतेम 25 टक्के लोक आले. सेनेटच्या 100 पैकी 99 जागा सॉलिडॅरिटीच्या झाल्या.

तरीही 299 पक्षाकडेच होत्या ना? इथे बेरीज नीट पाहावी लागते. कम्युनिस्ट पक्षाच्या स्वतःच्या जागा 173. बाकी शेतकरी पक्ष 76, डेमोक्रॅटिक पक्ष 27 आणि तीन कॅथलिक गट मिळून 23. चाळीस वर्षं हे मित्रपक्ष शोभेपुरते होते. 19 जुलैला कम्युनिस्ट पक्षाचे नेते यारुझेल्स्की अध्यक्ष झाले ते दोन्ही सभागृहांच्या एकत्र मतदानात 270 मतांनी, लागत होती 269. ऑगस्टमध्ये किश्चाकना सरकार बनवता आलं नाही, कारण शेतकरी आणि डेमोक्रॅटिक हे दोन्ही मित्रपक्ष वालेसाकडे सरकले. 161 अधिक 76 अधिक 27, म्हणजे 264. सेयममध्ये बहुमताला 231 पुरे. 24 ऑगस्टला सॉलिडॅरिटीचे माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले. बर्लिनची भिंत तेव्हा अजून उभी होती.

1991 ची पूर्ण खुली निवडणूक उलट्या टोकाची. किमान मतांची अट नाही, त्यामुळे सेयममध्ये 29 गट आले आणि स्थिर सरकार बनेना. म्हणून 1993 साठी पक्षाला 5 टक्के आणि आघाडीला 8 टक्क्यांची अट घातली. फुटलेले उजवे पक्ष एकत्र आले नाहीत आणि बरेचसे अटीखाली अडकले. त्यांना पडलेली मतं वाया गेली. जुन्या कम्युनिस्ट पक्षाचे आणि त्या शेतकरी पक्षाचे वारस मिळून सुमारे 36 टक्के मतांवर 303 जागा घेऊन आले. गोलमेजावर मागून घेतलेल्या 299 पेक्षा चार जास्त.