श्रीवर्धनचं विकाऊ घर आणि वाडीतली विहीर

ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, जीवना बंदरावरची ताजी मासळी, सगळं छान झालं. पण परतल्यापासून मनात घोळतंय ते श्रीवर्धनमधलं एक विकाऊ घर.

घर लहानसंच. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी. पडवीचं दार उघडलं की थेट पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, वाडी, आणि वाडीपलीकडे समुद्र, दिसत नाही पण सतत ऐकू येतो. एजंटने उभ्याउभ्या घर दाखवलं आणि आम्हाला परत रस्त्यावर आणून म्हणाला, "साहेब, हे पाडून टाकायचं. वर दोन मजले काढा, एसी खोल्या करा. बीच पाच मिनिटांवर."

मला फार राग आला. इथली जुनी घरं तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे करून उभी आहेत, मध्ये अख्खी वाडी. खारा वारा आधी झाडांवर येतो, मग घरावर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा इथल्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. घराची किल्ली सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "कौलं गेली ती महिन्यात बसवली हो. पोफळ परत धरायला सात वर्षं बघावी लागतात." श्रीवर्धनी रोठा सुपारीवर जगणाऱ्या घरांसाठी ती सात वर्षं म्हणजे काय असतील! सावलीला केळी लावून त्यांनी नवी रोपं वाढवली आहेत. एजंटने न दाखवलेली विहीरही काकूंनीच दाखवली.

आणि खरी मेख त्या विहिरीतच आहे. घर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर), वाडी सातबाऱ्यावर, म्हणजे शेतजमीन. जो शेतकरी नाही त्याला सातबाऱ्याची जमीन सहजासहजी घेता येत नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला घर वेगळं विकायचं, वाडी वेगळी. विहीर मात्र वाडीत! मग घराला पाणी कुठून? एजंटकडे उत्तर तयार होतं, "बोअर मारा." समुद्राच्या इतक्या जवळ बोअरने उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. आज एका घराचं पाणी मचूळ होईल, उद्या शेजारच्या वाडीचं. काकूंच्या नव्या पोफळी त्याच पाण्यावर आहेत.

"तुम्हीच का घेत नाही?" मी काकूंना विचारलं.

"होमस्टेवाल्याचा भाव सुपारीवाल्याला कुठून परवडणार?"

आमच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला नाही. आम्हाला नुसतं घर मिळालं असतं. घर मनापासून आवडलं होतं, बायकोने तर ओटीवर झोपाळा कुठे टांगायचा तेही ठरवलं होतं. तरी नाही म्हणालो.

घर ज्यांचं आहे ती भावंडं बाहेरगावी असतात. काकूंकडून नंबर घेऊन त्यांच्याशी बोललो. एकच विनंती केली: भाव थोडा कमी आला तरी घर आणि वाडी एकाच हातात द्या. तेही जमणार नसेल, तर विहिरीच्या पाण्याचा आणि विहिरीपर्यंतच्या वाटेचा हक्क खरेदीखतात स्पष्ट लिहा. थोरल्या भावाने दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. धाकट्याशी बोलून कळवतो म्हणाले.