आमची वाटचाल : पाच थरांचं लाकूड

टेबल टेनिसच्या बॅटचं आम्ही फक्त लाकूड करतो. रबर खेळाडूने आपल्या पसंतीने लावायचं. 1952 साली मुंबईच्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो लाकडावर स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला आणि विजेता ठरला. तेव्हापासून बॅटविषयी बोलणं निघालं की ते रबरावरच जातं. आमचं म्हणणं असं, की चेंडूचा पहिला निरोप हाताला लाकूडच देतं, म्हणून आधी लाकूड नीट हवं.

सुरुवात घरीच झाली. खेळायची आवड होती, जिगसॉ आणि कानस हाताशी होती. फर्निचरच्या प्लायवूडमधून बॅटचा आकार सहज कापता येतो, पण ती जड होते आणि फटक्याला मंद लागते. मग आम्ही विनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, सुटे थर आणून स्वतःच चिकटवू लागलो. मधला थर आयुस किंवा किरी या जातींच्या लाकडाचा, साधारण चार मिलिमीटर, वजनाला अगदी हलका. त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या रेषांचे पातळ थर आणि सर्वांत बाहेर लिंबा नावाच्या आफ्रिकी लाकडाचं अर्ध्या मिलिमीटरचं विनिअर, रेषा पुन्हा मुठीच्या दिशेने. थरांची संख्या विषम ठेवली की दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहते आणि ब्लेडला, म्हणजे बॅटच्या लाकडी फळीला, बाक येत नाही.

खरी कसोटी चिकटवण्यात आहे. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. तो लागला की पातळ विनिअर लगेच फुगतं, कडेने वर उचलतं, गुंडाळायला बघतं. म्हणून गोंद रोलरने पातळ पसरायचा, दोन्ही अंगांचे थर एकाच वेळी बसवायचे आणि सगळा गठ्ठा दोन जाड, सपाट फळ्यांमध्ये घालून क्लॅम्प मधून कडेकडे आवळत न्यायचे. कडेने गोंदाची बारीक रेघ सगळीकडे सारखी बाहेर आली की दाब नीट बसला. रात्रभर तसंच ठेवायचं, सोडवल्यावरही लगेच कापायचं नाही. आतला ओलावा जाऊ द्यायचा. गोंद जास्त झाला तर ब्लेड जड आणि कडक होतं, कमी पडला तर टिचकी मारल्यावर आवाज पोकळ येतो. ही टिचकी आम्ही प्रत्येक ब्लेडला मारतो. आवाज जितका चढा, तितकं लाकूड ताठ.

आधी सोबत खेळणाऱ्यांनी बॅट मागितली, मग प्रशिक्षक मुलांसाठी विचारू लागले. मुलांच्या बॅटने आम्हाला पुष्कळ शिकवलं. छोट्या हाताला जाड मूठ दिली की मनगट अडतं, म्हणून आता मूठ घडवण्याआधी तळहाताची रूपरेषा कागदावर काढून मागवतो. कामाला मोठा प्रेस आला, बॅण्डसॉ आला, मदतीचे हात वाढले. मुठीला शेवटचा हात मात्र अजून पॉलिश पेपरचाच.

लाकडाच्या थरांमध्ये कार्बनच्या तंतूंचा थर घातलेल्या ब्लेडची मागणी बरीच येते. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीचा किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. तंतूंचा एक थर एकूण जाडीच्या 7.5 टक्के किंवा 0.35 मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. त्या हद्दीत आम्ही करून देतो. पण नव्या खेळाडूला स्पष्ट सांगतो, की आधी नुसत्या लाकडावर खेळा. कार्बनवर चेंडू झपकन सुटतो, आणि हात अजून बसला नसेल तर चूक कुठे होतेय तेच कळत नाही. यामुळे एखादी ऑर्डर गेली तरी चालेल.

एकाच फळीतून काढलेल्या दोन ब्लेडचं वजनही तंतोतंत जुळत नाही. म्हणून प्रत्येकाचं वजन, जाडी आणि थरांचा क्रम वहीत नोंदवून ठेवतो. जुना खेळाडू ‘पहिल्यासारखीच द्या’ म्हणाला, की वही उघडून त्याच जातीचं, तितक्याच वजनाचं लाकूड निवडायला घेतो. तसं मिळेपर्यंत तो थांबतो, आम्हीही थांबतो.