पाठ आटली, पोट फुगलं

दुरुस्तीला आलेली ती गोधडी टेबलावर सपाट बसेचना. चारही काठ पाठीकडे वळलेले, आणि वरच्या सुती तुकड्यांना शिलाईच्या दोन ओळींमध्ये फुगे आलेले.

"काकू, एकदाच धुतली हो. इस्त्रीने बसेल ना?" गोधडी आणणारी मुलगी म्हणाली. शिवून तिने दुसरीकडून घेतली होती.

मी इस्त्री बाजूला ठेवून टेप काढला. शिवून आली तेव्हा गोधडी १५० बाय ११० सेंटीमीटर होती. माप तिनेच दिलेलं, त्यामुळे तिला ते पाठ होतं. आता भरली १४१ बाय १०७. वरचं कापड साधं सुती, पाठ (खालची बाजू) फ्लॅनेलची, म्हणजे लव काढलेल्या मऊ कापडाची. पाठ आटली, वरचं कापड तेवढं आटलं नाही. मग जास्तीचं कापड जाणार कुठे? फुगून वर आलं. इस्त्रीने फुग्यांच्या चुण्या झाल्या असत्या, बाकी काही नाही.

खरी गंमत पुढे होती. तिच्या पिशवीत त्याच चौकटीच्या फ्लॅनेलचा मोठा तुकडा होता, अजून कोरा. जोडीची दुसरी गोधडी तिला माझ्याकडून शिवून हवी होती, आणि वर अट अशी की कापड धुवायचं नाही. "धुतलं की नवेपणा जातो."

अशा वेळी मी वाद घालत नाही. तुकड्याच्या कडेचा एक चौकोन कापला, त्यावर गडद दोऱ्याने धावदोरा घालून बरोबर ३० सेंटीमीटरचा चौरस आखला. चारही कडांना झिगझॅग मारली आणि कोपरे तिरके छाटले. फ्लॅनेलची वीण सैल असते, तसंच टाकलं तर कडेचे दोरे सुटून त्यांचा गुंता होतो. मग ती मुलगी गोधडी जशी धुते तसाच तो चौकोन धुतला: कोमट पाणी, नेहमीची पावडर आणि शेवटी ड्रायर.

तोवर मी जुनी गोधडी उसवायला घेतली. हे काम फार कंटाळवाणं, पण शिवणाऱ्याचा हात इथेच कळतो. पाठीला मधोमध जोड होता आणि शिलाईच्या बाहेर जेमतेम पाव इंच कापड सोडलेलं. सुती कापडाला तेवढं चालतं. इथे दोनतीन ठिकाणी कड विरून दोरे थेट शिलाईपर्यंत आले होते. फ्लॅनेलला मी निदान अर्धा इंच सोडते.

ड्रायर थांबला. जाळीवर लवेचा मऊ थर जमलेला. तो तिच्या हातात दिला तेव्हा तिला पहिल्यांदा जरा शंका आली असावी. धावदोऱ्याचा चौरस मोजला: उभ्यात २८, आडव्यात २९.२. चौकटीसुद्धा किंचित बुटक्या झाल्या होत्या.

"उभ्यातच का जास्त?"

मागावर ताण असतो तो उभ्या धाग्यांना, आणि पुढच्या प्रक्रियांमध्येही कापड लांबीतच ओढलं जातं. पाणी आणि उष्णता मिळाली की ते धागे सैल होऊन आखडतात. सगळ्याच सुती कापडाचं हे होतं, पण फ्लॅनेलचं जास्त. बारीक तारांच्या ब्रशांनी लव काढता यावी म्हणून त्याच्या सुताला पीळ कमी ठेवतात, विणही सैल. धाग्यांना सरकायला जागाच जागा.

चौरस पुन्हा धुतला. उभ्यात आणखी ३ मिलिमीटर गेले. म्हणून फ्लॅनेल मी दोनदा धुवून घेते, एकदा धुऊन निर्धास्त होत नाही. गडद रंग असेल तर पहिल्या पाण्यात पांढरी चिंधी टाकून रंग जातो का तेही बघते. तयार कापून मिळणारे छोटे चौकोन मात्र धुवू नयेत, त्यांच्या कडांचा भुगा होतो. काहींना धुतल्यावर येणारी सुरकुतलेली, जुनी कळाच हवी असते. दोन्ही बाजू एकाच फ्लॅनेलच्या असतील तर ते कोरंच शिवायला माझी ना नाही. सुती आणि फ्लॅनेल एकत्र आले की मात्र मी ऐकत नाही.

"घरीच धू," मी तिला म्हटलं, "गोधडी ज्या मशीनमध्ये धुणार त्याच मशीनमध्ये. मऊपणासाठी काही घालू नकोस, लवेवर त्याचा थर बसतो आणि कापड पाणी टिपत नाही."

कापड परत आलं ते तिरकं होऊन. दोघींनी समोरासमोरचे कोपरे धरून ओढत उभे-आडवे धागे काटकोनात आणले. जरासं ओलसर असतानाच कांजी फवारून इस्त्री केली. इस्त्री घासली की फ्लॅनेल ताणलं जातं, म्हणून ती नुसती उचलून दाबायची. मग मोजलं, तर पाठीला लांबीत पाच सेंटीमीटर कमी! कापड घेताना मीटरमागे दहाएक सेंटीमीटर जास्त घ्यायचं असतं, ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आता नवीन आणू?"

नव्याची गरज नव्हती. पहिल्या गोधडीची उसवलेली पाठ टेबलाखाली पडली होती. त्या गोधडीला मूळ मापाची पाठ आता नाहीतरी वेगळीच लागणार होती, आणि ही जुनी तर धुऊन आटून चुकलेली. तिच्यातून रुंद पट्टी कापली, दोन्हींच्या लवेची दिशा जुळवली आणि वरच्या काठाला जोडली. उसवल्यावर राहिलेली सुयांची भोकं पाण्याने बुजतात.