ड्रमवाल्यांनो, आधी उद्यमबागेत जा

ड्रम वाजवणारी पोरं ‘कुठला हेडफोन घेऊ?’ म्हणून विचारतात, तेव्हा मी त्यांना बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत पाठवतो. हेल्मेट, हातमोजे, गमबूट विकणाऱ्या सेफ्टीच्या दुकानात, आवाज अडवणारा, कान झाकणारा मफ बघायला. पोरं हसतात. हसू देत.

मी दिवसा फाउंड्रीत क्वालिटीला असतो. संध्याकाळी वडगावातल्या एका खोलीत ड्रम. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, आणि शिवजयंतीच्या चित्ररथांपासून गणपतीपर्यंत बेंजो पार्टी. म्हणजे कानाला सुट्टी अशी नाहीच. आमच्याकडे फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, ग्राइंडर चालू असले की कानावर मफ चढवल्याशिवाय सुपरवायझर आत सोडत नाही. त्याच्याच तोडीचा आवाज मग मी पत्र्याच्या खोलीत, हौसेनं, उघड्या कानांनी का सोसायचा?

हिशेब साधा आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायॉश’ नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या मते ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ठीक. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत १०० ला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत जोर लावून वाजवलं तर ड्रमसेट १०० सहज गाठतो. म्हणजे हात गरम होईपर्यंत दिवसाचा कोटा खलास. त्यात साधा हेडफोन लावला, तर ड्रमच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज आणखी वाढवावा लागतो. कानावर दोन्हीकडून मारा. बाहेरचा आवाज अडवायचा तो गाण्याचा आवाज कमी ठेवता यावा म्हणून. हे डोक्यात बसलं नाही तर महागडा हेडफोनही वाया.

‘नॉइज कॅन्सलिंग’ वाल्यांच्या नादाला लागू नका. पुण्याच्या बसमध्ये इंजिनाची एकसुरी घरघर त्यानं छान मरते. स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातो, तो त्या सर्किटला सापडत नाही. आपल्याला हवी जाड वाटी, आत फोम आणि कानाभोवती घट्ट दाब. बॅटरी नको, चार्जिंग नको, करंट गेला तरी काम चालू.

मफच्या डब्यावर ‘एनआरआर’ म्हणून एक आकडा असतो, मफ किती डेसिबल अडवतो ते सांगणारा. ती अमेरिकन पद्धत. युरोपची ‘एसएनआर’. पेल्टरचा एक्स५ए हा मफ घ्या: एनआरआर ३१, एसएनआर ३७. वस्तू एकच, आकडे दोन. त्यामुळे एका मफचा एसएनआर आणि दुसऱ्याचा एनआरआर शेजारी ठेवून तुलना करू नका. ऑनलाइन विकणारे हमखास मोठा तोच छापतात. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. कामाच्या जागी अंदाज बांधताना अमेरिकेची ‘ओशा’ ही कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था एनआरआरमधून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं धरायला सांगते. म्हणजे ३१ चे झाले १२. हा फार सावध हिशेब आहे, मफ नीट बसला तर जास्त मिळतं. पण ‘३१ म्हणजे ३१’ समजून तासन्‌तास बडवत बसू नये. आणि एक्स५एचं वजन साडेतीनशे ग्रॅम आहे, मान लवकर आठवण करून देते. मी त्याच्याखालचा, हलका घेतला.

ड्रमवाल्यांसाठीच बनवलेले हेडफोन आहेत की. विक फर्थचा एसआयएच२ आहे, कंपनी २५ डेसिबल सांगते. मित्राचा लावून बघितला, चांगला आहे, आणि एकच वस्तू डोक्यावर चढवली की झालं. पैसे असतील तर खुशाल घ्या. माझं गणित वेगळं: कानात वायरवाले इन-इअर, फोमच्या बोंड्या लावून, आणि वरून फॅक्टरीचा मफ. दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. फक्त दोघांचे डेसिबल बेरीज करू नका. जो जास्त अडवतो त्याच्या वर साधारण ५ डेसिबलच मिळतात, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो.

फोम घालायची रीत फॅक्टरीत शिकवतात तीच. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता कोंबला तर अर्धा आवाज आत येतोच. वायर सरळ खाली उतरणारी, बारीक घ्या. कानावरून वळसा घालणारी जाड वायर मफची गादी उचलून धरते. चष्म्याची जाड काडीही तेच करते. दुकानात इन-इअर कानात घालूनच मफ चढवून बघा. वाटी उथळ असेल तर पंधरा मिनिटांत कान दुखतो.

एक त्रास राहतोच. मफ बारीक, तीक्ष्ण आवाज जास्त अडवतो आणि खालचे कमी. म्हणून हाय-हॅट (झांजांची जोडी) मिणमिणतो आणि किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) धपाधप येत राहते. हात आपोआप जड पडायला लागतो. मी अधूनमधून फोनवर रेकॉर्ड करून उघड्या कानानं ऐकतो, मग हात ताळ्यावर येतो.

ब्लूटूथबद्दल लोक उगाच भांडतात. गाण्यासोबत सराव करायचा असेल तर चालतं, कारण गाणं उशिरा पोचलं तरी आपण जे ऐकतो त्याच्यावरच वाजवतो. इलेक्ट्रॉनिक ड्रमला मात्र वायरच हवी. तिथं काठी आता पडते आणि आवाज मागून येतो, वाजवणं अशक्य.

हो, आणि हेडफोननं शेजाऱ्यांचं काही भलं होत नाही! मी मफ चढवलेला बघून समोरच्या काकू म्हणाल्या, “तू कान झाकलास रे बाबा, आम्ही काय झाकू? वाजव, खरं साडेआठच्या आत आटप.” आटपतो.

मिरवणुकीत हे सगळं घरी ठेवा. मागचा ट्रॅक्टर आणि पुढचा ताशा, दोन्ही ऐकू यायला हवेत. तिथं संगीतवाल्यांचे फिल्टरचे प्लग बरे, सगळे सूर थोडेथोडे खाली आणतात. आमच्यातले एक जुने ताशेवाले मामा हल्ली फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, तरी प्लग दिले की खिशात घालतात.

एप्रिलच्या उन्हात मफच्या गाद्या घामानं कडक होतात, चिरतात, आणि तिथून आवाज गळतो. घेतानाच गाद्यांची जादा जोडी मिळते का विचारा. मिळत नाही म्हणाला तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.