काकीची सोलं आणि आमचं धुराडं

आमच्या काजू कारखान्याची पहिली तपासणी शेजारच्या काकीने केली. मे महिना, पत्र्यावर कोकमाची सोलं वाळत घातलेली. त्यातली दोन मुठीत घेऊन ती थेट आमच्या पडवीत आली. "सोलां काळीच असतत, माका म्हायत आसा. पण ह्यो काळो तुझ्या धुराड्याचो!" तिच्या बोटांना चिकट काजळी लागली होती.

चिकट असणारच. काजूच्या टरफलात तेल असतं, हाताला लागलं तर कातडी सोलवटते. बी शिजवायच्या छोट्या बॉयलरखाली आम्ही तेच टरफल जाळत होतो, कारण जळण फुकटात पडत होतं. घरामागची शेड, वीस फुटी पाइपचं धुराडं, वेंगुर्ला तालुक्यात असतात तसंच सगळं. ग्रामपंचायतीचा दाखला होता, उद्यम नोंदणी होती. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र मात्र नव्हतं, आणि ते बँकेने कर्ज वाढवून देताना मागितलं. काकीच्या तक्रारीने मला लाज वाटली होती. बँकेच्या पत्राने जाग आली, हे कबूल करतो.

कायद्याने हे सगळं उलट व्हायला हवं होतं. हवा कायदा १९८१ चा. त्याच्या कलम २१ नुसार धूर सोडणारं युनिट उभारण्याआधी स्थापनेची संमती आणि सुरू करण्याआधी चालवण्याची संमती लागते. पाण्याचा कायदा १९७४ चा, पण दोन्हींचा अर्ज एकच आणि तोही ऑनलाइन.

आधी एक सल्लागार गाठला. "तुम्ही फक्त सही करा," म्हणाला. केली. नंतर अर्जाची प्रत वाचली तर प्रक्रियेच्या तक्त्यात काजूऐवजी आंब्याचा पल्प निघत होता! दुसऱ्याच कुणाचा अर्ज, वर आमचं नाव. तिथून पुढे मी स्वतःच बसलो.

त्यातही माझी एक चूक झाली. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि त्यासाठी सीएचा दाखला लागतो. मी ताळेबंदातला घसारा वजा केलेला आकडा टाकला. त्यांना जमीन, इमारत, यंत्रं धरून मूळ खरेदीचा आकडा हवा होता. अर्ज शंका लावून परत आला, आणि ती शंका बरोबरच होती.

खरा घाम मात्र धुराड्याने काढला. ताशी दोन टनांपेक्षा कमी वाफेच्या बॉयलरला धुराडं किमान ९ मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या उंचीच्या अडीच पट, यातलं जे जास्त असेल ते. आमचं गोदाम ४.८ मीटर, म्हणजे १२ मीटर धुराडं हवं. आमचं सहा. शिवाय धुराचा नमुना घ्यायला त्यात भोकच नव्हतं. फॅब्रिकेटरला विचारलं तर तो म्हणतो, "भोक पाडलं तर धूर बाहेर नाही का येणार?"

ते भोकही वाटेल तिथे चालत नाही. धूर सरळ रेषेत वाहू लागल्यावर मोजायचा असतो. म्हणून खालच्या जोडापासून व्यासाच्या आठ पट वर आणि तोंडापासून दोन पट खाली जागा लागते. आमचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे जोडाच्या वर २.४ मीटर. तिथे झाकणाची फ्लँज, उभं राहायला कठडा असलेला मचाण आणि वर जायला शिडी. शिडीचा खर्च धुराड्याच्या नव्या तुकड्याइतकाच आला.

प्रयोगशाळेचा मुलगा आला, कमरेला पट्टा बांधून वर चढला. धूर खेचायच्या नळीत काजळी अडवायला घालायची कागदी टोपी आधी त्याने मला दाखवली. करंगळीएवढी, पांढरीशुभ्र. अर्ध्या तासाने तीच टोपी गुळाच्या काकवीसारखी होऊन खाली आली. अहवालाची वाट बघायची गरजच उरली नाही.

मग टरफल जाळणं बंद केलं. ते आता तेल काढणाऱ्या गिरणीला विकतो आणि बॉयलरला लाकूड घालतो. धुराच्या वाटेवर सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून त्यातली धूळ खाली पाडणारं नरसाळं, बसवला. तो दर शनिवारी झाडायचा, नाही तर नुसता पत्र्याचा डबा. दुसऱ्या वेळी धूलिकण घनमीटरमागे १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत आले. क्षेत्र अधिकारी पाहणीला आले तेव्हा ते आधी शिडी हलवून बघत होते.

संमतीपत्र आलं, बँकेत गेलं. अटींची पानं मी शेडमध्ये लावली आहेत, आणि ३० सप्टेंबरच्या आत भरायच्या वार्षिक पर्यावरण विवरणाची आठवण बायकोने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

यंदा मेमध्ये काकीने पत्र्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं आणि पदराला पुसलं.

"काळा नाय रे आता. पण वास येताच."