स्टिकरवर तारीख नव्हती

काकांनी लिहून आणलेल्या यादीत पहिलं काम होतं आर्मरेस्टचं झाकण. दुसरं, हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात. इंजिनाचा नंबर अकरावा लागत होता, तोही 'जमल्यास बघणे' असा.

गाडी एकेकाळची राजेशाही. व्ही-8 पेट्रोल इंजिन, चार कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ओडोमीटरवर 3,12,400 किलोमीटर. दार लावलं की जो घट्ट, खोल आवाज होतो, तो आजच्या कितीतरी नव्या गाड्यांनाही जमत नाही. काकांचं म्हणणं सरळ होतं. अजून पाच वर्षं हीच गाडी चालवायची आहे. मोठी सर्व्हिस नीट करू, पण सगळे पैसे एकदम निघणार नाहीत. म्हणजे कामं ठरवायची आणि त्यांचा क्रमही लावायचा. काय काय बदलायचं हे मॅन्युअलसुद्धा सांगतं. आधी काय आणि मागाहून काय, तिथे मिस्त्रीची परीक्षा असते.

अशी गाडी मी आदल्या संध्याकाळीच ठेवून घेतो. रात्रभर गार पडलेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं, ते एकदा गरम झालं की बोलत नाही. या इंजिनानं दोन-तीन सेकंद टकटक केली, ऑइलचं प्रेशर आलं तशी ती थांबली. तीन लाखांच्या पुढे गेलेल्या इंजिनाला मी एवढं माफ करतो.

मग गाडी लिफ्टवर घेतली. पुढची चाकं धरणाऱ्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, फाटलेले. उजव्या बॉल जॉइंटला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला, प्ले, ढिलेपणा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅसकेटमधून ऑइल पाझरून एक्झॉस्टच्या बाजूला काळा थर जमलेला. ब्रेक ऑइल काळपट. आणि टायर. टायरांची नक्षी अजून भरपूर होती आणि काका त्यावर खूष होते. मी टॉर्च घेऊन टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. चारही टायर नऊ वर्षांपूर्वीचे निघाले. खोबणीच्या तळाशी केसासारख्या भेगाही होत्या.

"अहो, रबर केवढं शिल्लक आहे!" काका म्हणाले.

मग मी माझं ठरलेलं भाषण दिलं. रबर नुसतं झिजून संपत नाही, ते वयानंही संपतं. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली तरी त्याचं वय थांबत नाही. किलोमीटर मोजताना कॅलेंडरही मोजायचं असतं. माझा हेल्पर शेजारी उभा राहून ऐकत होता. वर्षभर झालंय त्याला माझ्याकडे. हे भाषण मीही जरा रंगवूनच दिलं, कबूल करतो.

प्लॅन कागदावर उतरवला. जिवावर बेतू शकेल ते पहिल्या हप्त्यात: टायर, बॉल जॉइंट, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइलला लोक फार हलक्यात घेतात. डॉट 4 चं नवं ऑइल 230 अंशांच्या आत उकळता कामा नये असा दर्जा आहे. पण ते हवेतलं पाणी पीत राहतं, आणि 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तोच आकडा 155 वर येतो. लांब घाटउतार, तापलेले ब्रेक, आत वाफेचे बुडबुडे, आणि पेडल थेट जमिनीला. बॉल जॉइंटसाठी आर्म सुटतोच आहे, तर बुशही त्याच वेळी. दुसऱ्यांदा आर्म सोडायची मजुरी कशाला भरायची, आणि अलाइनमेंटही दोनदा कशाला? बुशचं एक पथ्य आहे. गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच आवळायचे. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि काही महिन्यांत नवा बुशही फाटतो. 'नवे बुश टिकले नाहीत' म्हणून पार्टला शिव्या देणारे बरेच जण खरं तर इथे चुकलेले असतात.

दुसऱ्या हप्त्यात गिअरबॉक्स. गिअर ऑइल आयुष्यभर टिकतं असं काकांना कोणीतरी सांगितलं होतं. कोणाच्या आयुष्यभर, हे सांगितलं नव्हतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी बदला म्हणते. फक्त एवढ्या जुन्या गिअरबॉक्सला मी मशीन लावून जोरानं फ्लश करत नाही. बोल्ट काढून निघेल तेवढं काढायचं, फिल्टर बदलायचा, तेवढंच नवं भरायचं, थोडी गाडी चालवून पुन्हा तेच. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल एका खेपेला निघतच नाही.

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा, मी तिसऱ्या हप्त्यात, थेट पुढच्या वर्षी टाकला. कारण वरच्या कव्हरवर स्टिकर होता: 'बेल्ट बदलला, 2,71,000'. म्हणजे जेमतेम 41,000 चाललेला. असे बेल्ट लाखाच्या पुढे जातात. हातचे पैसे टायर आणि सस्पेंशनला लावू, असं मी सांगितलं, काकांनी मान डोलावली, आणि मी टायरची ऑर्डर द्यायला फोन उचलला.

"दादा, स्टिकरवर तारीख नाहीये," हेल्पर म्हणाला.

"नसेल लिहिली. किलोमीटर आहेत ना?"

"नाही, सकाळी तुम्ही टायरची तारीख बघितलीत, म्हणून..."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि म्हणूनच जास्त लागलं. बेल्ट म्हणजे तरी काय? रबर आणि धागे. नऊ वर्षांचे टायर मी नापास केले होते आणि बेल्टला एका आकड्यावर पास करून मोकळा झालो होतो.

काकांची फाइल जाडजूड होती, अगदी पेट्रोलच्या पावत्यांसकट. आम्ही तिघं बसून शोधू लागलो. हेल्परलाच बिल सापडलं. तारीख 11 वर्षांपूर्वीची. मध्ये पाच-सहा वर्षं गाडी जवळजवळ उभीच होती, असं काका तेव्हा बोलले. आधी मी विचारलंच नव्हतं. बिलावर फक्त 'बेल्ट' होता. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर नाही, त्याला वाट देणारा आयडलर नाही, वॉटर पंप नाही, ऑइल सील नाही. ज्या गॅरेजनं ते काम केलं त्यांनी का सोडलं कोण जाणे. पण पुढचं सगळं सोडून तिथवर पोचल्यावर पंप तसाच ठेवणं म्हणजे भिंत पाडून आतला गळका पाइप तसाच ठेवून परत प्लास्टर करणं. तोच बेल्ट तो पंप फिरवतो. पंप जाम झाला तर नवा बेल्टही वाचत नाही.

टायरची ऑर्डर दिली, पण आर्मची मजुरी दोनदा पडली तरी चालेल म्हणत बुश आणि गिअरबॉक्स मागे ढकलून बेल्ट पुढे घेतला. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा आळीपाळीनं वापरतात. मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर प्रत्येक पिस्टन सेकंदात 50 वेळा वर येतो. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतात, क्रँक मात्र जोरात फिरतच राहतो, आणि जे व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे असतात ते पिस्टनच्या तावडीत सापडतात. पुढचं काम म्हणजे दोन्ही हेड, इंजिनाचे व्हॉल्व्ह असलेले वरचे भाग, उतरवणं. या वयाच्या गाडीचं दोन हेडचं काम म्हणजे बहुधा गाडी भंगारात.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर, पंखा, पुली, कव्हर असं सोडत आत गेलो. बेल्ट दिसायला चांगला होता. मागे वळवून पाहिला तरी एक भेग नाही. हेल्परचा चेहरा पडला, त्याला वाटलं फुकट खर्च करायला लावला. पण आताच्या बेल्टचं रबर तडे न दाखवताही थकतं, त्यामुळे डोळ्यांनी पाहून त्याला पास करता येत नाही. मी त्याला आयडलर हातात दिला आणि बोटानं फिरवायला सांगितलं. चांगला आयडलर ग्रीसमुळे जड, शांत फिरतो. हा सुसाट फिरला आणि आतून कोरडी खरखर आली. टेन्शनरच्या दांड्याभोवती ऑइलचा ओला डाग. वॉटर पंपाच्या खालच्या भोकापाशी वाळलेल्या कूलंटची गुलाबी खपली. एका कॅमच्या सीलमधून ऑइल सुटून बेल्टच्या कडेला पोचायला लागलं होतं.

हे सगळं आणखी किती चाललं असतं, मला सांगता येणार नाही. कदाचित वर्षभर निघालंही असतं.

सगळा सेट नवा टाकला. पंप, टेन्शनर, दोन्ही आयडलर, सील, थर्मोस्टॅट, आणि पुढे हाताला लागतील तेवढे होज पाइप. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच जातीचं. रंग जुळतो म्हणून दुसरं ओतलेलं मला चालत नाही. बेल्ट बसवून टेन्शनरची पिन ओढली, पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला, तेव्हा डाव्या बाजूच्या कॅमची खूण एक दात मागे दिसली. ताण येताना बेल्ट सरकला होता. चावी फिरवण्याआधी हातानं फिरवायचं ते याचसाठी. पुन्हा सोडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा दोन फेरे. या वेळी सगळ्या खुणा समोरासमोर.

इंजिन सुरू झालं. ती पहिली टकटक तशीच होती.

नवा स्टिकर हेल्परनं लिहिला. किलोमीटर, महिना, वर्ष, आणि खाली एवढ्याशा अक्षरांत नव्या पार्टची नावं. जागा पुरेना म्हणून त्यानं दुसरा स्टिकर शेजारी चिकटवला.

गाडी न्यायला काका आले. कव्हर परत लागलेलं असल्यामुळे त्यांना दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून जुना आयडलर त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन-तीनदा फिरवला, कानाशी नेला आणि खिशात टाकला. मग आत बसले, कोपर टेकवलं आणि म्हणाले, "आर्मरेस्टचं राहिलं वाटतं?"