वायरमनचं पुस्तक आणि कुणकेश्वरची जत्रा

कणकवलीत माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, देवस्थानांची पावतीपुस्तकं यांवर घर चालतं. पुस्तकं वर्षाकाठी मोजकीच येतात, आणि ती स्वखर्चाने काढणारे बहुतेक निवृत्त असतात. शिक्षक, तलाठी, एसटीतले कंडक्टर. कागद किती जीएसएमचा, लॅमिनेशन ग्लॉसी की मॅट, प्रस्तावना कोणाची घ्यावी, हे सगळं चार-चारदा विचारून घेतात. प्रती विकायच्या कशा, हे मात्र कोणी विचारत नाही. बाइंडिंग होऊन खोकी घरी पोचली, पलंगाखाली जागा उरली नाही, की मग फोन येतो.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते काका देवगड तालुक्यातले. आधी एमएसईबी आणि 2005 नंतर महावितरण, पण हुद्द्याने आणि गावाच्या तोंडी कायम वायरमन. तीन जाडजूड वह्या घेऊन आले होते. 2009 च्या नोव्हेंबरातलं फयान आणि 2021 च्या मे महिन्यातलं तौक्ते, ही दोन वादळं आणि त्यांच्या मधल्या काळातले खांब, तारा, डीपी आणि माणसं. मी टाइप करायला घेतलं आणि संध्याकाळी दुकान बंद करायचं विसरले. माणूस लिहितो कसा, तर खांबावर चढतो तसा, एकेक पाय नीट रोवून. कुठल्या वाडीत कुठलं झाड कुठल्या तारेवर पडलं, तिथे पोचायला कुठली पाणंद धरली, दुपारी जेवायला कोणी घातलं, सगळं नोंदवलेलं.

माझ्याकडे येण्याआधी त्यांना शहरातल्या कोणाचा तरी फोन आला होता. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, अॅमेझॉनवर पाच तारे देणारे वीस अभिप्राय आणि वर ‘बेस्टसेलर’ करून देण्याची हमी, असं संपूर्ण पॅकेज. रक्कम ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. आयएसबीएन राजा राममोहन रॉय यांच्या नावाने दिल्लीला सरकारी संस्था आहे ती फुकट देते, अर्ज ऑनलाइन करायचा. विकतचे अभिप्राय अॅमेझॉनच्या नियमात बसत नाहीत, सापडले की काढून टाकतात. आणि त्या बेस्टसेलर याद्या तर प्रत्येक बारक्या विभागाच्या वेगळ्या असतात आणि सारख्या बदलत राहतात. रिकाम्या विभागात एका दुपारी चार प्रती खपल्या तरी ‘बेस्टसेलर’ची पट्टी लागू शकते. काकांना एवढंच म्हटलं, “पट्टीचा फोटो काढून ठेवाल. पुढे काय?”

दहा फॉर्मे, म्हणजे 160 पानं, किंमत 200 रुपये, प्रती 500.

प्रकाशन गावच्या शाळेत झालं. शाल, श्रीफळ, पाच भाषणं. त्यातल्या तिघांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं हे त्यांच्या भाषणावरून कळत होतं. मंचावरच्यांना ‘सप्रेम भेट’, पाहुण्यांना ‘सप्रेम भेट’, भावकीला तर न देऊन सांगतो कोणाला. आपल्याकडे लेखकाच्या नातेवाइकाने पुस्तक विकत घेणं म्हणजे नातं तोडल्यासारखं मानतात. व्हॉट्सअॅपवर मुखपृष्ठ टाकलं तर अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले, ऑर्डर दोन. दुकानदाराने 40 टक्के मागितले आणि पैसे विक्री झाल्यावर. तसं त्याचंही चुकत नाही, त्यालाही भाडं भरायचं असतं. ग्रंथालयांची खरेदी अनुदानाच्या चालीने चालते, ती आज ना उद्या होईल या आशेवर खोकी धरून बसता येत नाही.

महाशिवरात्रीच्या आधी मी काकांना फोन केला. म्हटलं, कुणकेश्वरच्या जत्रेत बसू या.

“गे, देवाच्या दारात स्वताची टिमकी वाजवची?” काका म्हणाले.

टिमकीचं मी सांभाळते म्हटलं, आणि फ्लेक्स करायला घेतला. त्यावर काकांचा फोटो टाकला नाही. मलपृष्ठावरचं ‘एका वीज कर्मचाऱ्याचा संघर्षमय प्रवास’ हेही टाकलं नाही. ते वाक्य त्यांच्या भाच्याने हट्टाने घातलं होतं आणि कुठल्याही खात्याच्या कुठल्याही निवृत्ताला ते लागू पडेल. मी मालवणीत एकच ओळ घेतली, मोठ्या अक्षरांत: ‘तौक्तेत तुमच्या वाडयेत लाईट कितव्या दिवशी इली?’ आणि खाली पुस्तकात आलेल्या गावांची, वाड्यांची नावं, प्रत्येकापुढे पान क्रमांक. टाइप करताना मी ती वेगळ्या कागदावर काढत गेले होते. मिठबाव, कातवण, तांबळडेग असं करत यादी फ्लेक्सच्या तळापर्यंत गेली.

काकांनी फ्लेक्स बघितला. “माझा नाव खय आसा?”

“पुस्तकावर.”

कुणकेश्वरला ज्यांनी जत्रा बघितली आहे त्यांना सांगायला नको. देऊळ अगदी समुद्राला लागून, रांग किनाऱ्यापर्यंत गेलेली, गावोगावच्या देवांच्या स्वाऱ्या तीर्थस्नानाला येणाऱ्या. आमचं टेबल खाजेवाल्याच्या शेजारी. ही जागा मी मागून घेतली. खाजं घेणारा माणूस पैसे देऊन पुडा हातात पडेपर्यंत उभा असतो आणि तेवढ्या वेळात डोळे इकडेतिकडे फिरतात. क्यूआर कोड लावला होता, पण गर्दी वाढली तसं नेटवर्क बसलं, ते दिवसभर उठलं नाही. किंमत 199 न ठेवता 200 ठेवली होती हे बरं झालं, सुट्ट्याची भानगड उरली नाही.

पहिला तासभर कोणी पुस्तकाला हात लावला नाही. पण फ्लेक्ससमोर थांबून माणसं आपसात बोलायला लागली. “आमच्याकडे बाराव्या दिवशी.” “खयचो बारावो? तुमका लवकर दिली. आमी बसलंव काळोखात.” कोणाला कोणाच्या आधी लाईट मिळाली आणि का मिळाली, यावर पाच वर्षं होत आली तरी देवगड तालुक्यात एकमत नाही. काका खुर्चीत अवघडून बसलेले. त्यांना ओळखणारे खूप, पण ते काहीतरी लिहितात हे कोणाला माहीत नव्हतं.

मग एक बाई आल्या, सत्तरीच्या, हातात बेलाची पानं राहिलेली.

“वायरमन, तू पुस्तक लिवलंस? माका कोणी सांगूक नाय.” यादीत आपली वाडी शोधून मागितली. “चष्मो घरी रवलो. तूच वाच.”

काकांनी पान काढलं आणि वाचायला लागले. आधी पुटपुटत, मग मागून कोणीतरी “मोठ्यान वाच” म्हटल्यावर मोठ्याने. कोरोनाची दुसरी लाट, मे महिना. घरात यजमान आजारी, ऑक्सिजन देणारं मशिन विजेवर चालणारं, आणि वादळाने वाडीतले खांब आडवे. शेजाऱ्याच्या जनरेटरमधलं डिझेल संपत आलेलं. काका आणि दोघे मदतनीस रात्री कंदिलाच्या उजेडात पडलेल्या फणसाच्या फांद्या तोडून, उभ्या राहिलेल्या खांबावरून तात्पुरती लाईन ओढून पहाटे त्या घरात लाईट देतात. शेवटी, बाईंनी रात्री दिलेल्या गरम भज्यांची आठवण.

बाई ऐकत होत्या. यजमान त्या आजारातून उठले होते, घरी बसून नातवंडांना दटावत होते, हे त्यांनीच मध्ये सांगून टाकलं. भज्यांपाशी मात्र त्यांनी हात वर केला.

“सगळा बरोबर. पण भजी खयची? त्या रात्री घरात तेल व्हता खय? पेज वाढलंय मी तुका, नि सुक्या बांगड्याचो तुकडो.”

“भजीच व्हती,” काका म्हणाले.

“चूल माझी की तुझी?”

गर्दी हसली आणि दाट झाली. तेवढ्यात मागून एक तरुण पुढे आला. फणस तोडताना ज्याचं नाव आलं होतं ते चुकीचं होतं. “तो फणस माझ्या बापाशीन तोडलो. कोयतो अजून घरात आसा.” ज्याचं नाव छापलं होतं त्याचा पुतण्याही तिथेच निघाला. जत्रा म्हटल्यावर तालुकाच तिथे. आता काका कानकोंडे झाले, पुस्तक मिटायला लागले. मी त्यांच्या हातातून ते घेतलं नाही, फक्त पिशवीतली कोरी वही काढून टेबलावर ठेवली आणि वर मार्करने लिहिलं: ‘पुस्तकात काय चुकलां ता लिवा. नाव आणि फोन नंबर घाला.’

बापाशीच्या कोयत्याची पहिली नोंद पडली. ती नीट लिहायची तर छापलेलं काय आहे ते आधी बघायला हवं, म्हणून त्या तरुणाने प्रत घेतली. पुतण्याने त्याला उत्तर द्यायचं म्हणून घेतली. बाईंनी दोन घेतल्या, एक मुंबईच्या लेकीला. त्यानंतर मला पैसे घेणं आणि प्रती काढणं यापलीकडे मान वर करता आली नाही. दुपार कलताना काका खुर्ची सोडून टेबलापुढे उभे होते आणि येणाऱ्याला विचारत होते, “खयची वाडी तुमची?” वाडी सांगितली की पान क्रमांक तोंडपाठ. “घ्या” हा शब्द त्यांनी दिवसभरात एकदाही उच्चारला नाही. आणलेली खोकी दशावताराचं पेटीवादन सुरू होण्याआधी रिकामी झाली.

वही घरी आणून मी नंबर उतरवून काढले. जाहिरातीवर हजारो रुपये घालणाऱ्या लेखकांकडे अशी यादी नसते. नाव, वाडी आणि पुस्तकातल्या कुठल्या पानाशी त्याचं भांडण आहे, इतकं सगळं. त्यातल्या बऱ्याच जणांचे भाऊबंद मुंबईत. तिकडून मागण्या यायला लागल्या तेव्हा टपालाचा प्रश्न आला, कारण रजिस्टर्ड बुकपोस्ट 2024 च्या डिसेंबरात बंद झालं. पण 2025 च्या मेपासून टपाल खात्याने ज्ञानपोस्ट सुरू केलं आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर. आमचं पुस्तक वेष्टनासकट त्यात बसतं. रस्त्याने जातं म्हणून थोडं रेंगाळतं, पण पाकिटाचा माग काढता येतो. काका आता स्वतः पोस्टात जातात.

सध्या पुनर्मुद्रणाची तयारी चालू आहे. वहीतल्या बहुतेक दुरुस्त्या काकांनी खळखळ न करता मान्य केल्या. फणसाच्या फांदीवर आता दोन्ही घरांची नावं आहेत. भज्यांवर मात्र ते हटायला तयार नाहीत. “माझा तोंड, माझा पोट. माका आठवता.” शेवटी मी मधला मार्ग काढला: भजी तशीच ठेवून खाली तळटीप, ‘घरधनिणीच्या म्हणण्यानुसार पेज.’ बाईंना फोनवर वाचून दाखवली.

“छापून येव दे,” त्या म्हणाल्या. “मगे बघतंय. आणि पाच प्रती माझ्यासाठी काढून ठेव.”